क्रेस्टेड गेकोचे पालन व पैदास

क्रेस्टेड गेको (शास्त्रीय नाव: कोरेलोफस सिलिएटस) ही दक्षिण प्रशांत महासागरातील न्यू कॅलिडोनिया या फ्रेंच अधिपत्याखालील बेटांवर आढळणारी वृक्षवासी व निशाचर पाल आहे. १८६६ मध्ये विज्ञानाला तिची ओळख झाली. त्यानंतर दीर्घकाळ ती जिवंत पाहिल्याच्या नोंदी मिळेनाशा झाल्या आणि ती नामशेष झाली असावी असा समज रूढ झाला. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. पुढच्या दोन दशकांत युरोप व उत्तर अमेरिकेतील हौशी पालकांनी घरगुती काचपेट्यांत तिची एवढी पैदास केली की आज ती जगात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सरड्या-पालींपैकी एक आहे. मूळ बेटांवरील तिची संख्या मात्र या पैदाशीमुळे वाढलेली नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ती ‘असुरक्षित’ गटात आहे. दुर्मीळ सरीसृपांच्या खाजगी पैदाशीने काय साधते आणि काय साधत नाही, या चर्चेत म्हणूनच या प्राण्याचे उदाहरण वारंवार दिले जाते.

नाव व वर्गीकरण

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ गिशनो यांनी १८६६ मध्ये या पालीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि तिच्यासाठी कोरेलोफस ही नवी प्रजाती निर्माण केली. पुढे तिचा समावेश ऱ्हॅकोडॅक्टिलस या प्रजातीत करण्यात आला व विसाव्या शतकातील बहुतेक ग्रंथांत ती याच नावाने आढळते. २०१२ मध्ये बाउअर, जॅकमन, सॅडलियर व व्हिटेकर यांनी न्यू कॅलिडोनियातील गेकोंचे वर्गीकरण नव्याने तपासून गिशनो यांचे मूळ प्रजातिनाम पुन्हा प्रचारात आणले. पालकांच्या बोलण्यात जुने नाव त्यानंतरही बराच काळ टिकून राहिले.

सिलिएटस या जातिनामाचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा रोख पापण्यांच्या केसांकडे आहे. प्रत्यक्षात या पालीला पापण्याच नसतात. डोळ्यांवर पारदर्शक आवरण असते आणि ते ती जिभेने चाटून स्वच्छ करते. डोळ्यांच्या वर जी टोकदार खवल्यांची रांग असते, ती पापणीच्या केसांसारखी दिसते. हीच रांग मागे मान व पाठीच्या दोन्ही कडांवर उतरते. इंग्रजी नावातील ‘तुरा’ तो हाच.

मराठीत या प्राण्याला रूढ नाव नाही. मराठीभाषक पालकही ‘क्रेस्टेड’ किंवा नुसते ‘गेको’ असेच म्हणतात. पाल चुकचुकली की मनात शंका यावी आणि पंचांगात पल्लीपतनाचे शुभाशुभ फल छापलेले असावे, अशा भाषेत ‘पाळीव पाल’ हा शब्दप्रयोग कानाला खटकणे स्वाभाविक आहे. परके नाव टिकण्यामागे हेही एक कारण असू शकेल.

वर्णन व अधिवास

पूर्ण वाढलेल्या प्राण्याची शेपटीसह लांबी सुमारे २० ते २५ सेंटिमीटर व वजन साधारणतः ३५ ते ६० ग्रॅम असते. डोके रुंद व त्रिकोणी असून अंग मऊ, मखमली स्पर्शाचे असते. बोटांच्या तळाशी सूक्ष्म केसांच्या पट्टिका असतात. त्यांच्या साहाय्याने ती गुळगुळीत काचेवरही सहज चढते. शेपटीच्या टोकालाही अशीच चिकटणारी गादी असते, त्यामुळे फांदीवरून फांदीवर उडी घेताना शेपटी पाचव्या पायासारखी उपयोगी पडते.

आपल्या घरातील पालीशी तुलना करता एक फरक ठळक आहे. घरातल्या पालीने शेपूट टाकले तर ते काही आठवड्यांत पुन्हा वाढते. क्रेस्टेड गेकोही संकटात शेपूट टाकते, पण ते पुन्हा कधीच येत नाही. रानात आढळणारे बहुतेक प्रौढ प्राणी बिनशेपटीचे असतात, त्यावरून त्यांना याची फारशी अडचण होत नसावी असे दिसते. बाजारात मात्र शेपूट नसलेल्या प्राण्याला कमी किंमत येते.

न्यू कॅलिडोनियाचे मुख्य बेट ग्रांद तेर हे सुमारे ४०० किलोमीटर लांब आहे. त्याच्या दक्षिण भागातील दमट अरण्यांत, आग्नेयेकडील इल दे पँ (पाइन वृक्षांचे बेट, स्थानिक कनाक नाव कुनिए) येथे व त्याच्या आसपासच्या लहान बेटांवर ही पाल आढळते. दिवसा ती झाडोऱ्यात लपून झोपते व रात्री फळे, फुलांतील मधुरस आणि कीटक खाते. तेथील हवामान सौम्य आहे. कडक उन्हाळा किंवा गोठवणारी थंडी या दोन्हींची तिला सवय नाही. पालनाच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची ठरली.

पुनर्शोध व छंदात प्रवेश

१९९४ मध्ये जर्मन सरीसृपतज्ज्ञ रॉबर्ट झाइप यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत, एका उष्णकटिबंधीय वादळानंतर, इल दे पँ परिसरात क्रेस्टेड गेको जिवंत सापडली. त्यानंतरच्या काही वर्षांत न्यू कॅलिडोनियात गेलेल्या अभ्यासकांनी व पालकांनी काही प्राणी युरोप-अमेरिकेत नेले. त्यांतील काही अधिकृत परवान्याने गेले, तर काही परवान्याशिवाय बाहेर पडले. पुढे न्यू कॅलिडोनियाने रानातून पकडलेल्या प्राण्यांच्या निर्यातीचे परवाने देणे थांबवले. आज जगभरच्या काचपेट्यांत असलेले प्राणी जवळजवळ सर्वच्या सर्व १९९० च्या दशकात बाहेर गेलेल्या त्या मोजक्या प्राण्यांचे वंशज आहेत.

हा छंद लोकांपर्यंत नेणाऱ्यांत फिलिप द व्होज्योली यांचे नाव अग्रभागी आहे. सरीसृप केवळ पकडून ठेवण्याऐवजी त्यांची पिढ्यान्‌पिढ्या पैदास करावी, या विचाराचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. त्यांनी फ्रँक फास्ट व ॲलन रेपाशी यांच्यासह लिहिलेले न्यू कॅलिडोनियातील गेकोंविषयीचे मार्गदर्शक पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. रेपाशी यांनी पाण्यात कालवून देण्याचे भुकटीरूप खाद्य तयार केले. क्रेस्टेड गेकोच्या प्रसाराला कोणत्याही एका गोष्टीने सर्वाधिक हातभार लावला असेल, तर तो या भुकटीने, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. त्याआधी पालक लहान मुलांसाठी मिळणारा फळांचा गर व जिवंत रातकिडे यांवर काम चालवीत. गरात कॅल्शियम व प्रथिने पुरेशी नसत आणि रातकिडे घरात पाळण्याची तयारी प्रत्येकाची नसे. भुकटीमुळे कीटकांना हात न लावताही हा प्राणी निरोगी ठेवता येऊ लागला.

पालन

एका प्रौढ प्राण्यासाठी साधारण ४५ सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद व ६० सेंटिमीटर उंच काचपेटी पुरेशी मानली जाते. प्राणी वृक्षवासी असल्याने जमिनीच्या क्षेत्रफळापेक्षा उंची महत्त्वाची असते. आत आडव्या-तिरप्या फांद्या, बुचाच्या सालीच्या नळ्या व जिवंत किंवा कृत्रिम पाने दाट लावतात. मोकळ्या पेटीत ही पाल तासन्‌तास काचेवर उलटी लटकून झोपते. अशा वेळी शेपटीचा भार कमरेवर पडून शेपूट कायमचे एका बाजूला कलंडते व काही प्राण्यांत कमरेचे हाडही वाकते. पेटी भरगच्च ठेवण्यामागे शोभेपेक्षा हे कारण अधिक असते.

तापमान २२ ते २६ अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवावे लागते. २८ अंशांच्या वर प्राणी अस्वस्थ होतो आणि उष्णता त्याहून वाढून टिकली तर दगावतो. बहुतेक पाळीव सरीसृपांना दिव्याची ऊब द्यावी लागते. येथे चिंता उलटी, गारव्याची, असते. थंड प्रदेशातील घरांत हा प्राणी खोलीच्या सामान्य तापमानात वेगळ्या साधनांशिवाय राहतो आणि तेथे तो लोकप्रिय होण्याचे हेही एक मोठे कारण आहे. संध्याकाळी पेटीत पाण्याचा फवारा मारतात. पाल पानांवरचे थेंब चाटून पाणी पिते. सकाळपर्यंत पेटी बऱ्यापैकी सुकली पाहिजे. सतत ओल राहिल्यास बुरशी धरते, आणि हवा फार कोरडी असल्यास कात नीट सुटत नाही. बोटांवर अडकलेली कात काढली नाही तर रक्तप्रवाह थांबून बोट झडते.

भुकटीचे खाद्य पातळ चटणीसारखे कालवून आठवड्यातून तीन-चार वेळा संध्याकाळी ठेवतात व दुसऱ्या दिवशी उरलेले काढून टाकतात. जोडीला कॅल्शियमची पूड लावलेले लहान रातकिडे किंवा झुरळे दिली जातात. कीटकाचा आकार पालीच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा असू नये, असा पालकांचा संकेत आहे. कॅल्शियम व जीवनसत्त्व ड३ यांची कमतरता झाल्यास जबडा व पाय मऊ पडून वाकतात. सरीसृपपालनातील हा सर्वांत परिचित आजार असून तो जवळजवळ नेहमी चुकीच्या आहारातून उद्भवतो. इतर सरीसृपांप्रमाणे या पालीच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून तिला हाताळल्यावर हात साबणाने धुणे आवश्यक असते. योग्य निगा राखल्यास ती पंधरा ते वीस वर्षे जगते. हौसेने प्राणी आणणाऱ्यांपैकी पुष्कळांना हा आकडा आधी ठाऊक नसतो.

दोन नर एका पेटीत ठेवले जात नाहीत, कारण ते एकमेकांना गंभीर जखमा करतात. नर व मादी कायम एकत्र ठेवणेही आता सदोष मानले जाते.

पैदास

प्रौढ नराच्या शेपटीच्या बुडाशी ठळक फुगवटा दिसतो, त्यामुळे त्याची ओळख सोपी असते. लहान वयात मात्र हा फुगवटा नसतो. अशा वेळी पालक सराफ वापरतात तसले भिंग घेऊन मागील पायांमधील खवले तपासतात. नराच्या खवल्यांत बारीक छिद्रांची रांग असते. अनुभवी डोळ्यांना ती काही महिन्यांच्या पिलातही ओळखू येते, नवख्याची मात्र यात हमखास फसगत होते.

मादी वजनाने ३५ ग्रॅमच्या पुढे गेल्याखेरीज व सुमारे दीड वर्षाची झाल्याखेरीज तिला नराजवळ सोडू नये, यावर जबाबदार पालकांचे एकमत आहे. लहान मादीला गर्भ राहत नाही असे नाही, तो राहतो आणि धोका त्यातच असतो. वाढ अपुरी असताना अंड्यांच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम मादीच्या हाडांतून जाते. अंडे अडून मादी मरण्याचे प्रकारही अशाच माद्यांत अधिक घडतात. मादीचे तोंड हळूच उघडून पाहिल्यास टाळूच्या मागच्या बाजूस कॅल्शियम साठवणाऱ्या दोन पांढऱ्या पिशव्या दिसतात. त्या भरलेल्या असल्या तरच मादी पैदाशीस योग्य समजतात.

मीलनात नर मादीची मान दातांनी धरतो, त्यामुळे लहानसहान ओरखडे दिसतात. मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवू शकते. एकदा मीलन झाल्यावर नर वेगळा केला, तरी ती पुढे कित्येक महिने फलित अंडी घालत राहते. दुकानातून एकटी आणलेली मादी अचानक अंडी घालते व मालक चकित होतो, त्याचे कारण हेच.

मादी एका वेळी दोन अंडी घालते. दर तीस ते पंचेचाळीस दिवसांनी अशी जोडी येते आणि वर्षातील आठ-नऊ महिने हा क्रम चालतो, म्हणजे एका मादीपासून वर्षाला पंधराच्या आसपास अंडी मिळू शकतात. अंडी घालण्यासाठी पेटीत ओलसर कोकोपीट किंवा शेवाळ भरलेला खोलगट डबा ठेवतात. मादी रात्री त्यात खड्डा खणून अंडी पुरते व वरून माती सारखी करते. अंडी काढताना ती ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत उचलावी लागतात. कोंबडीचे अंडे उबवताना फिरवावे लागते, सरीसृपाचे अंडे फिरवल्यास आतील गर्भ मरू शकतो. यासाठी पालक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. काही दिवसांनी अंधारात बारीक विजेरीच्या उजेडात धरल्यावर फलित अंड्यात तांबूस रक्तवाहिन्या दिसतात.

अंड्यांचे कवच चामड्यासारखे लवचीक असते व ती भोवतालची ओल शोषून मोठी होतात. व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइट यांसारखे पदार्थ थोडे ओले करून झाकणाच्या डब्यात घेतात व अंडी त्यात अर्धवट रुतवून ठेवतात. २२ ते २५ अंश तापमानात पिले साधारणतः दोन ते चार महिन्यांत बाहेर येतात. तापमान कमी असेल तर काळ लांबतो. मात्र सावकाश उबलेली पिले अधिक धष्टपुष्ट निघतात, असा अनेक पालकांचा अनुभव आहे. अंड्यांना उबवणी यंत्राची गरज लागतेच असे नाही. युरोपातील कित्येक घरांत ती कपाटातल्या फळीवर उबली आहेत.

पिलाचे वजन जेमतेम दीड ते दोन ग्रॅम असते. जन्मल्याबरोबर ते पहिली कात टाकते व ती खाऊन टाकते, त्यानंतरचे काही दिवस ते अन्न घेत नाही. पिले लहान डब्यांत ओल्या कागदावर ठेवतात, म्हणजे कोण खाते व कोण मागे पडते याकडे लक्ष देता येते.

सतत अंडी घालणाऱ्या मादीला विश्रांतीची गरज असते. त्यासाठी वर्षातून दोन-तीन महिने तापमान २० अंशांच्या खाली उतरवून प्रकाशाचा काळ कमी करतात, त्यामुळे अंडी येणे थांबते. न्यू कॅलिडोनियात थंडी जून ते ऑगस्टमध्ये पडते. उत्तर गोलार्धात वाढलेल्या प्राण्यांनी मात्र नव्या ऋतुचक्राशी जुळवून घेतले आहे. ही विश्रांती न देता सलग पैदास घेतल्यास मादीचे आयुष्य घटते. विक्रीच्या दृष्टीने मोकळा गेलेला हंगाम म्हणजे तोटा असल्याने या बाबतीत हौशी पालक व व्यापारी पैदासकार यांच्या रीतींत बराच फरक पडतो.

रंगप्रकार

रानातील क्रेस्टेड गेको बहुधा तपकिरी, पिवळसर, ऑलिव्ह किंवा तांबूस असतात. त्यांच्या अंगावर ठिपके व पट्टे वेगवेगळ्या प्रमाणात असतात व रात्री रंग अधिक गडद होतो. निवडक पैदाशीतून पालकांनी या मूळ वैविध्याला अनेक दिशांनी ताणले आहे. काळ्या ठिपक्यांचा डाल्मेशियन, पाय व बगलांपर्यंत नक्षी गेलेला हार्लेक्विन आणि पाठीच्या दोन कडांवर फिकट रेघ असलेला पिनस्ट्राइप ही नावे सर्वपरिचित आहेत. यांतील बरेच प्रकार एका जनुकाने ठरत नाहीत, त्यामुळे दोन सुंदर प्राण्यांची पिले साधी निघणे नित्याचेच आहे.

काही प्रकार मात्र स्पष्टपणे एका जनुकाशी बांधलेले आहेत. ब्रिटनमध्ये प्रथम ओळखला गेलेला, पांढऱ्या रंगाचे मोठे पट्टे असलेला लिली व्हाइट हा अपूर्ण प्रभावी जनुकाचा प्रकार आहे. आईवडील दोघांकडून हे जनुक आले तर पिलू जगत नाही. ते अंड्यातच किंवा बाहेर येता येता मरते. त्यामुळे दोन लिली व्हाइट प्राण्यांची जोडी लावू नये, असा दंडक पालकांनीच घालून घेतला आहे. याला कायद्याचे पाठबळ नाही, तो पाळणे न पाळणे व्यक्तीच्या सदसद्विवेकावर अवलंबून आहे. नव्या रंगाला सुरुवातीची काही वर्षे भरमसाट किंमत मिळते आणि तेवढ्याच काळात सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावण्याचा मोहही वाढतो. आधीच मोजक्या प्राण्यांपासून निर्माण झालेल्या वंशात अंतःप्रजननाची ही भर पडते.

संवर्धनाशी संबंध

खाजगी पैदाशीचे समर्थक क्रेस्टेड गेकोकडे यशकथा म्हणून पाहतात, आणि एका मर्यादेपर्यंत ते योग्य आहे. पेटीत जन्मलेला, निरोगी व स्वस्त प्राणी सहज मिळत असल्याने रानातून प्राणी चोरून आणण्यात आता कोणाचाच फायदा नाही. सर्वच जातींच्या बाबतीत असे घडलेले नाही. टांझानियातील किंबोझा अरण्यात आढळणाऱ्या झळाळत्या निळ्या बटुक गेकोची (लायगोडॅक्टिलस विल्यमसाय) पेटीतही पैदास होते. तरीही २००० नंतरच्या दशकात ती हजारोंच्या संख्येने रानातून पकडून विकली गेली. पकडणारे तिच्या वस्तीची केवड्याच्या जातीची झाडेच तोडत. अखेर २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत सायटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश करून व्यापारी देवाणघेवाण बंद करावी लागली. न्यूझीलंडमधील हिरव्या गेकोंची निर्यात पूर्णपणे निषिद्ध असूनही ते चोरून नेताना परदेशी नागरिक पकडले गेले व त्यांना शिक्षा झाल्या. ‘पेटीत जन्मलेला’ या शिक्क्याखाली रानातला प्राणी खपवणे हा या व्यापारातील जुना मार्ग आहे. सावकाश वाढणाऱ्या व वर्षाला एक-दोनच पिले देणाऱ्या जातींत तो विशेष चालतो. क्रेस्टेड गेको यातून वाचली ती मुख्यतः तिच्या भरपूर अंड्यांमुळे आणि फळांच्या आहारामुळे.

मूळ अधिवासातील तिचे शत्रू मात्र छंदाशी संबंधित नाहीत. मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेली इवलीशी तांबूस अग्निमुंगी (वासमानिया ऑरोपंक्टाटा) न्यू कॅलिडोनियात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरली. ही मुंगी जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची असते. तिने जम बसवलेल्या अरण्यात स्थानिक पालींची संख्या स्पष्टपणे घटते. मुंग्या पालींचे भक्ष्य असलेले कीटक संपवतात व डंखाने पालींनाही इजा करतात. माणसाबरोबर आलेले उंदीर व मांजरे अंडी-पिले खातात. हरणे व डुकरे खालचा झाडोरा नष्ट करतात. ग्रांद तेरच्या दक्षिण भागात निकेलच्या खाणींनीही अरण्याचे तुकडे केले आहेत. युरोपातल्या काचपेटीत जन्मलेल्या पिलाचा यांपैकी एकाही गोष्टीवर परिणाम होत नाही.

मग गरज पडल्यास हे पाळीव प्राणी परत रानात सोडता येतील काय, असा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर आजघडीला नकारार्थी आहे. आरंभीच्या पालकांनी ग्रांद तेर व इल दे पँ येथील प्राण्यांचे वंश बहुधा वेगळे ठेवले नाहीत व ठिकाणांच्या नोंदीही टिकल्या नाहीत. एखाद्या पाळीव प्राण्याचे पूर्वज कोणत्या अरण्यातले, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. त्यात रंगासाठी निवड, मर्यादित जनुकसंचय आणि पेट्यांतून पसरणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी यांची भर पडते. असे प्राणी रानात सोडल्यास लाभापेक्षा हानीच अधिक होईल. कबुतर किंवा सोनमासा यांच्या बाबतीत शेकडो वर्षांत जे घडले, ते या पालीच्या बाबतीत तीस वर्षांत घडले आहे. ती एक पाळीव जात झाली आहे.

हे टाळता आले असते काय, याचे उत्तर तिच्याच शेजारी जातीत सापडते. न्यू कॅलिडोनियातील ऱ्हॅकोडॅक्टिलस लीचियानस ही आज अस्तित्वात असलेल्या गेकोंमधील सर्वांत मोठी जात आहे. इल दे पँभोवतालच्या प्रत्येक लहान बेटावर तिचे वेगळे रूप दिसते, हे पालकांच्या लवकर लक्षात आले. त्यामुळे अनेकांनी बेटनिहाय वंश स्वतंत्र ठेवले व प्रत्येक प्राण्यासोबत त्याच्या पूर्वजांच्या बेटाचे नाव लिहून ठेवण्याची पद्धत पाडली. या नोंदी प्रयोगशाळेच्या कसोटीला कितपत उतरतील हा वेगळा प्रश्न आहे. पण एका साध्या वहीतल्या नोंदीने किती फरक पडतो, ते यावरून दिसते.

भारतातील स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये घोरपड, तारा कासव यांसारखे संरक्षित देशी सरीसृप पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे, मग हेतू पैदाशीचा असला तरी. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत स्थानिक जातींभोवती जशी खाजगी पैदाशीची परंपरा वाढली, तशी भारतात वाढली नाही. येथील छंद परदेशी जातींपुरता राहिला आणि दीर्घकाळ तो कायद्याच्या कक्षेबाहेर होता. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सायटीस यादीतील परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना ते स्वेच्छेने जाहीर करण्याची मुदत दिली. २०२२ च्या दुरुस्तीने मूळ अधिनियमात सायटीस जातींसाठी स्वतंत्र प्रकरण व चौथी अनुसूची आली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहे. २०२४ च्या नियमांनुसार या अनुसूचीतील जिवंत प्राण्यांची व त्यांच्या पिलांची परिवेश या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, आणि पहिल्या परिशिष्टातील जातींच्या पैदाशीसाठी परवाना लागतो. अनुसूचीत नसलेल्या परदेशी प्राण्यांच्या आयातीलाही आयात परवाना व पशु-विलगीकरणाचे नियम लागू होतात. विक्रेत्याने कागदपत्रे नंतर देण्याचे आश्वासन दिल्यास तो प्राणी बहुधा या मार्गाने आलेला नसतो.

महाराष्ट्रात या पालीच्या पालनाला हवामानाचीच मोठी अडचण आहे. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात उन्हाळ्यातील तापमान ४० अंशांपलीकडे जाते. मुंबई व कोकणात पारा तेवढा चढत नसला तरी वर्षातील बराच काळ तो २८ अंशांच्या वर असतो. मार्च ते जून खोली अहोरात्र वातानुकूलित ठेवावी लागते व वीज खंडित झाल्यास काही तासांत प्राण्याला धोका निर्माण होतो. सरीसृपांवर उपचार करू शकणारे पशुवैद्य मुंबई-पुण्यासारख्या शहरांबाहेर क्वचितच मिळतात.